वानखडे बाईंना उचलण्याची पद्धत

अक्षय तृतीया, सकाळचे साडेदहा. अमरावतीत वानखडे बाईंच्या भाड्याच्या घराची गच्ची. सात घरांनी प्रत्येकी तीन लाख, एकूण एकवीस लाख रुपयांचे चेक जमिनीच्या इसारासाठी एका स्टीलच्या डब्यात टाकले. हजर माणसं बारा: पाच जोडपी, एक विधुर, एक अविवाहित. अविवाहित म्हणजे स्वतः बाई. विधुर म्हणजे डॉक्टर इंगळे. जोडप्यांपैकी एक आम्ही, अकोल्याचे. एक रामदासभाऊ आणि पुष्पावहिनी ढोमणे, चांदूर बाजारकडचे संत्रेवाले. उरलेल्या तिघांनी "आमचं नाव कुठं छापू नका, पोरं वाचतात" असं बजावलं आहे, म्हणून ती नावं इथे नाहीत.

डब्याचं झाकण लावायच्या आधी मी चेक मोजले. मग पुन्हा मोजले.

"सुनीता," बाई म्हणाल्या, "सातच हायेत. तू कितीकही डाव मोजले तरी आठ होणार नाईत."

बाई जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर तूच लिही, असं सगळ्यांनी मला सांगितलं. मी चांगलं लिहिते म्हणून नव्हे. सगळ्या बैठकांची इतिवृत्तं माझ्याकडे आहेत म्हणून. मी एका शिक्षण संस्थेत लेखापाल आहे, कागद जपून ठेवणं हा माझा एकमेव गुण. लिहायला बसल्यावर मी इतिवृत्तं उघडली. त्यांत "बाईंनी विरोध केला", "बाईंनी पुन्हा विरोध केला" आणि "विषय बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मंजूर" एवढंच होतं. तेव्हा पुढचं सगळं आठवणीतून आहे. चूकभूल माझी.

शाळेत मी त्यांची विद्यार्थिनी होते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि खो-खोचा संघ त्यांच्या हाताखाली असायचा. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. साडीवर बूट घालणारी बाई तेव्हा आम्ही दुसरी पाहिली नव्हती. सातवीत मी संघात घ्या म्हणून गेले. बाईंनी मला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायला लावलं, शेवटपर्यंत शांतपणे पाहिलं, आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. "तू गुण लिहीत जा." माझं पुढचं आयुष्य त्या मैदानावर ठरलं. लोकांना वाटतं मी हिशेबाकडे आवडीने वळले.

बाई कधी टेकून बसल्या नाहीत. भिंत असो, लोड असो, एसटीची सीट असो, त्यांच्या पाठीत आणि टेक्यात चार बोटांचं अंतर असायचंच. चहा उभ्याने. कणीक मळताना मोठ्याने मोजायच्या, एक-दोन-तीन-चार, आणि चाराला कणीक उलटायच्या. सत्तरीतही. रामदासभाऊ म्हणायचे, "बाईच्या पोया खाल्ल्यावर सावधान उभं राहावंसं वाटते." आपल्या खेळाबद्दल बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "खो-खोत पळते एक. आठ जणी बसलेल्या असतात. जिले नीट बसता येत नाई, तिच्यानं खेळ होत नाई."

म्हातारपण सोबत काढायची कल्पना त्यांचीच. वृद्धाश्रम नको, पोरांच्या फ्लॅटमधला कोपराही नको. आपापलं घर, आपापलं दार, आपापलं भांडण. पण स्वयंपाकघर एक आणि अंगण एक. निवृत्तीनंतर त्या एकेकाला गाठून हे पटवत होत्या. मला त्यांनी अकोल्याला येऊन गाठलं. तेव्हा मी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, म्हातारी व्हायला अवकाश आहे असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून जिन्याने खाली नेलं आणि पुन्हा वर आणलं. वर आल्यावर मला बोलता येईना. "अवकाश किती आहे ते मोजून सांग," बाई म्हणाल्या. आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "बाई, आमचं नाव लिहून घ्या."

बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला जागा मिळाली. काळी जमीन, म्हणजे पायाचा खर्च दीडपट. ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग सात घरांचे नकाशे आले. बाईंचा सोडून उरलेल्या सहाही नकाशांत एक "मुलाची खोली" होती. आम्ही कोणी एकमेकांशी बोललो नव्हतो, तरी सहाही घरांत ती सगळ्यात मोठी, सगळ्यात हवेशीर आणि स्वतंत्र बाथरूमवाली खोली होती. डॉक्टर इंगळ्यांचा मुलगा कॅनडात स्थायिक झालेला, त्याच्यासाठीही होती. माझ्या नकाशात मुलाची खोली बारा बाय चौदा आणि आम्हा दोघांची दहा बाय दहा होती. माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. दिवाळीला येतो आणि भाऊबीजेचं ताट उचलायच्या आधी परतीचं तिकीट बघतो. वीट, सिमेंट, सळई, सगळ्याचा भाव मी काढला होता. ही खोली वर्षाला किती दिवस वापरली जाईल, तेवढा एकच हिशेब केला नव्हता.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं. मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने त्यांनी जमिनीवर एक घर आखून ठेवलं होतं, भिंती, दारं, सगळं खऱ्या मापाचं.

"हे सुनीताचं घर. ये, बस." निजायच्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची होती. मी बसले. "हिले लकवा झाला. रामदासभाऊ, डॉक्टर, हिले संडासात न्या."

दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची उचलली आणि बाथरूमच्या दारातून नेऊ लागले. खुर्ची गेली, पण दोघांचे पाय फक्की पुसत गेले.

शिट्टी. "भिंत पाडली. पुन्हा."

तीनदा भिंत पडली. तिसऱ्यांदा रामदासभाऊ म्हणाले, "बाई, पेशंटलेच थोडं कमी करा."

"आता हिले मुलाच्या खोलीत न्या."

त्या खोलीला डबल बेड जावा म्हणून मी साडेतीन फुटांचं दार धरलं होतं. आम्ही त्यातून लग्नाच्या वरातीसारखे आत गेलो.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "पोरगं पुण्याहून लकवा घेऊन आलं, तरच या घराचा उपयोग."

"शुभ बोला हो बाई!" मी कानांवर हात ठेवले. पण खुर्चीवरून उतरताना मला ते पटलं होतं. पटलं म्हणून मी गप्प बसले असं नाही. खोली वाचवायला मी आणखी दोन बैठका भांडले.

शेवटी सहाही खोल्या नकाशातून गेल्या. ज्याची पोरं येतील त्याच्यासाठी मिळून दोन पाहुण्यांच्या खोल्या ठेवल्या. दारं रुंद झाली. वाचलेल्या जागेत बाईंनी एक आजाऱ्याची खोली मागितली, आणि तीही स्वयंपाकघराला लागून. माझं म्हणणं होतं की ती फाटकाजवळ असावी, गाडी आणायला सोपं. बाई म्हणाल्या, "आजारी माणसाले फोडणीचा वास आला पाहिजे. आपल्याबिगर घरात काय चालू आहे ते त्याले कळलं पाहिजे. कोपऱ्यात टाकलं का तो आजारी राहत नाई, सामान होते." विषय बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मंजूर.

नाव काय द्यायचं यावर तीन बैठका झाल्या. तेवढ्यात रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांनी "बुढ्ढ्यायचं लेआउट" हे नाव पक्कं करून टाकलं. अजूनही पत्ता तोच चालतो.

राहायला आल्यावर पहिला प्रश्न आला तो स्वयंपाकघरातल्या पाळ्यांचा. मी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. भाजी चिरण्याला दोन गुण, पोळ्यांना पाच, भांड्यांना चार, वयानुसार सूट, गुडघेदुखीला वेगळी सूट. महिनाअखेरीस ज्याचे गुण कमी पडतील त्याने पुढच्या महिन्यात भरून काढायचे. मी तो रंगीत छापून आणला. बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, "यात एखाद्याले आज नुसतं नको वाटलं, तर कुठं लिहायचं?"

ती सोय तक्त्यात नव्हती.

मग बाईंची पद्धत सुरू झाली. ज्याच्या हातात काम आहे, त्याला नको झालं की त्याने बसलेल्या कोणाच्याही पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "खो." ज्याला खो मिळाला त्याने उठायचं आणि काम हाती घ्यायचं, देणाऱ्याने त्याच्या जागी बसायचं. "कावून?", म्हणजे का, असं विचारायचं नाही, आणि आपल्याला ज्याने दिला त्यालाच लगेच परत द्यायचा नाही. एवढेच नियम. मी म्हटलं, याने आठ दिवसांत मारामाऱ्या होतील. त्या चौथ्या दिवशीच झाल्या.

पुष्पावहिनी पोळ्या लाटत होत्या. मध्येच त्या उठल्या, पीठभरल्या हाताने नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर थाप मारली आणि अगदी हळू म्हणाल्या, "खो." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. रामदासभाऊंनी तोवर पाण्याचा ग्लासही स्वतः भरून घेतला नव्हता.

"हे काय वो?" ते उठेनात. "आमच्या सात पिढ्यायत कोन्या मानसानं पोया लाटल्या नाई."

"म्हणूनच सातही पिढ्या बायको गेल्यावर सहा महिन्यांत गेल्या," बाई म्हणाल्या. "उठा."

रामदासभाऊ उठले. त्यांची पहिली पोळी कोणत्याही आकाराची नव्हती. पुष्पावहिनी त्यांच्या जागी बसून तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचंच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पुढे रामदासभाऊ पोळ्यांत तरबेज झाले. आता ते इतरांच्या पोळ्यांना नावं ठेवतात.

मी अर्थातच मोजत होते. तीन महिन्यांनी मी बैठकीत लेखी हरकत घेतली की मला इतरांपेक्षा बरेच जास्त खो मिळतात. बाईंनी आकडे ऐकून घेतले. "ज्याले पळता येते त्यालेच खो देतात, सुनीता. ढिल्या गड्याले देऊन कोण हरते?" मी इतकी खूश झाले की हरकत मागे घेतली आणि पुढची दोन वर्षं मुकाट्याने राबले. मला एकेकाळी पळताना बघून पेन्सिल देणारी बाई हीच, हे माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

बाईंनी मात्र स्वतः कधी कोणाला खो दिला नाही. हातातलं काम त्या पूर्ण करूनच ठेवायच्या. एकदा अंगात ताप असताना त्यांनी बारा जणांची कढी केली आणि मग घरात जाऊन आतून कडी लावून घेतली. दिवसा कोणी आतून कडी लावायची नाही हा नियम त्यांनीच केलेला. डॉक्टर इंगळ्यांनी खिडकीतून गोळ्या दिल्या. हे डॉक्टर जनावरांचे. इसार देताना "आपल्यात एक डॉक्टर आहे" या गोष्टीवर आम्ही सगळे विसंबलो होतो. कोणते, ते कोणी विचारलं नव्हतं. खिडकीपाशी उभं राहून ते म्हणाले, "गाय तरी बरी. दुखलं का लाथ मारते, कळते तरी. या बाईचं दुखणं कुठून ओळखावं?"

ते ओळखायची वेळ तिसऱ्या वर्षी आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अंगण झाडताना बाई डाव्या अंगावर कोसळल्या. अमरावतीच्या दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, वाचाही राहिली. पण डावा हात आणि डावा पाय कामातून गेले. हळूहळू थोडं येईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पुष्कळसं येणार नाही, हे ते म्हणाले नाहीत, पण आम्हाला समजलं.

आजाऱ्याच्या खोलीचं उद्घाटन असं झालं. दिवसा मदतीला एक मावशी ठेवल्या. पण उचलणं एकटीचं काम नव्हतं, आणि सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सहानंतर आम्हीच होतो. बाईंनी आम्हाला हात लावू दिला नाही; मावशीच एकट्या त्यांना कसंबसं उठवायच्या. मावशी येईपर्यंत त्या तहान मारायच्या, पाणी प्यायल्या तर उठवायला लागेल म्हणून. तोंड भिंतीकडे. रामदासभाऊ एकदा दारात उभं राहून म्हणाले, "बाई, तुमीच सांगता न, आठ जन बसलेलेच असते म्हनून? बसा न मंग आता. तुमचा नंबर आला."

चौथ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं.

"परतवाड्याले शरदले फोन लाव." शरद म्हणजे त्यांचा भाचा. "सोमवारी जीप घेऊन ये म्हणा. मी तिकडे जातो."

"बाई, तो दिवसभर दुकानात असतो. सून शाळेत. तिकडे कोण बघणार?"

"एका खोलीत पडून राहीन. तिथं मले कोणी ओळखत नाई."

"म्हणजे?"

"सुनीता, तुम्ही मले मैदानावर पायलं. तुम्ही मले संडासात नेणार? मी करणारी बाई आहे. करून घेणारी नाई. मले ते येत नाई."

मी फोन लावला. दुसरं काय करणार? संध्याकाळी त्यांच्याशिवाय बैठक झाली. ती आमची पहिलीच बैठक, जिच्यात विरोध झाला नाही. त्यामुळे कोणाला काही सुचेना. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, त्यायची मर्जी." मग मी बोलले, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत मी बोललेलं तेवढंच एक वाक्य आकड्यांशिवाय होतं. मी म्हटलं, "पहिली आजारी बाई इथून गेली, तर दुसरा आजारी इथे कशाला थांबेल? डॉक्टर, तुम्ही कॅनडाला जाणार का?" डॉक्टर आपल्या चपलांकडे बघत राहिले. सगळे बघत राहिले. ज्याच्यासाठी एकवीस लाखांपासून पुढे सगळं ओतलं, ते सोमवारी जीपमध्ये बसून परतवाड्याला निघालं होतं.

शनिवारी सकाळी मावशी आल्या नाहीत, त्यांचा नातू आजारी होता. बाईंना उठवणं भागच होतं. आम्ही चौघं आत गेलो: रामदासभाऊ, पुष्पावहिनी, डॉक्टर आणि मी. चौघांची चार मतं होती. रामदासभाऊंनी काखेत हात घातले. डॉक्टर म्हणाले, "तसं नाही, वासराले उचलतो तसं पोटाखालून." पुष्पावहिनींनी पाय धरले. मी चाकाची खुर्ची धरली आणि तिचा ब्रेक लावायला विसरले. "एक, दोन..." कोणी तीनला उचललं, कोणी दोनलाच. खुर्ची मागे गेली. बाई, रामदासभाऊ आणि डॉक्टर असे तिघं हळूहळू, अगदी सन्मानाने, जमिनीवर बसले. मी खुर्चीसकट भिंतीला लागले.

बाईंना लागलं की काय ते बघायला मी खुर्ची सोडून पुढे सरकले.

"गाढवहो!" आवाज थेट शाळेच्या मैदानावरचा. "असं उचलते का कोणी? रामदासभाऊ, कंबरेतून वाकले तुम्ही! गुडघे देवानं कशाले देले? डॉक्टर, मी का वासरू आहे? आन सुनीता, ब्रेक! ब्रेक कोण लावणार, तुझा बाप? सगळे चार दिशेनं! एका मोजणीवर चार माणसं उठत नाईत तुमच्यानं?"

"चुकलं बाई," चौघं एकदम म्हणालो. त्यातली सगळ्यात तरुण मी, चौपन्न वर्षांची.

"माही शिट्टी आणा."

शिट्टी आली. बाई जमिनीवरच बसून होत्या, डावा हात मांडीवर पडलेला, पण पाठ ताठ. मागे पलंग होता, त्याला टेकल्या नव्हत्या. त्यांनी आधी आम्हाला त्यांना उचलूच दिलं नाही. "आधी रामदासभाऊले उचला. ते भारी आहेत. ते जमले तर मी जमन." रामदासभाऊंना जमिनीवर बसवलं. जवळ जायचं, दुरून ओढायचं नाही. गुडघ्यात वाकायचं. माणसाच्या चांगल्या बाजूला खुर्ची लावायची. ब्रेक. त्याला आधी सांगायचं, मग हात लावायचा. मोजायचं त्याने स्वतः, उचलणाऱ्याने नाही. आपण कधी उठणार हे ज्याला उठायचंय त्याने ठरवायचं. पाचव्या खेपेला रामदासभाऊ नीट खुर्चीत गेले. "मस्त वाटते बापा," ते म्हणाले. "आता चहा इथंच आना."

मग डॉक्टर. मग पुष्पावहिनी. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मला कशाला? मी उचलणाऱ्यांत आहे."

"बस खाली. वजन सांग यायले, तयारीनं उचलतील."

"अडुसष्ट," मी म्हटलं. आयुष्यात मी हिशेबात केलेली ती एकमेव लबाडी. पहिल्या झटक्यातच डॉक्टर म्हणाले, "अडुसष्ट नाही हे. मी बैल मोजले आहेत." खरं म्हणजे चौऱ्याहत्तर.

शिवाय मोजणी माझ्या तोंडून यायला हवी होती आणि ती येईना. तीन माणसं माझ्यावर वाकली होती, पुष्पावहिनींचा हात माझ्या पाठीखाली, रामदासभाऊंचा श्वास कानाशी. साडी पोटरीवर सरकली होती आणि ती ओढायला माझा हात मोकळा नव्हता. मी "एक" म्हटलं आणि थांबले. कोणी घाई केली नाही. मग दोन, तीन म्हटलं आणि वर गेले.

"कसं वाटलं?" बाईंनी जमिनीवरून विचारलं.

"लाज वाटली बाई."

"मलेही वाटते," त्या म्हणाल्या. "चला. आता मले."

त्यांनीच मोजलं. तीनला चौघं एकत्र उठलो. बाई खुर्चीत बसल्या, आणि बाथरूमचं साडेतीन फुटांचं दार भिंत न पाडता पार झालं. पुरुष मागे फिरले, पुढचं आम्ही दोघींनी केलं. त्याबद्दल लिहायचं नाही असं बाईंनी सांगितलं नव्हतं, पण मी लिहीत नाही.

त्यानंतर सोमवारबद्दल कोणी काही बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत. रविवारी दोनदा सराव झाला. आमच्या ह्यांना आणि उरलेल्या तीन निनावी जोडप्यांनाही जमिनीवर बसवून झालं.

त्यानंतर बाई सव्वा वर्ष आमच्यात होत्या. डाव्या हाताची दोन बोटं हलायला लागली, बाकी नाही. सकाळच्या उचलण्यात त्या रोज चूक काढायच्या. फोडणी करपली तर खोलीतून शिट्टी यायची. एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. त्यांच्या शेवटाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. मला बाई आठवतात त्या सोमवारच्या.

शरद सांगितल्याप्रमाणे अकरा वाजता जीप घेऊन आला. भला माणूस. मागच्या सीटवर गादी, उशी, पाण्याची बाटली, बाईंसाठी परतवाड्याच्या बाजारातला नवा गाऊन, सगळं आणलं होतं. बाई अंगणात चाकाच्या खुर्चीत. आम्ही अकरा जण स्वयंपाकघराच्या दारात गर्दी करून उभे, जणू आत फार काम आहे. बाईंची बॅग मी स्वतः भरून व्हरांड्यात आणून ठेवली होती; त्यांनी भर म्हटलं तेव्हा विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

शरद पुढे आला, पाया पडला, आणि लाडाने म्हणाला, "चल मावशे, तुले उचलूनच नेतो." आणि दूर उभं राहून, कंबरेतून वाकून, त्याने थेट त्यांच्या काखेत हात घातले.

शिट्टी इतक्या जोरात वाजली की ड्रायव्हर जीपमधून खाली उतरला.

"सोड!" बाई म्हणाल्या. "कोणी शिकवलं तुले असं उचलाले? ब्रेक पायला? मले विचारलं?"

"अवो मावशे, गाडीत तर बसवा लागन न..."

"तुले येत नाई." मग त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांकडे एकदा, संघ निवडताना बघायच्या तशा. "यायले येते. बरोबर येत नाई, पण येते. यायले अजून लय शिकवा लागते. तू जाय बापा. दुकान बंद ठेवू नको."

"पन तूच त फोन केला होता, सोमवारी ये म्हनून."

"फोन सुनीतानं केला होता."

हे खरं होतं. शरदने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्या मागे रामदासभाऊ आत निघून गेले आणि कारण नसताना मोठ्याने भांडी वाजवू लागले.

शरद जेवून गेला. त्याने आणलेला गाऊन बाईंनी ठेवून घेतला आणि गादी परत केली. निघताना जीपच्या भाड्याचा प्रश्न आला. परतवाडा ते इथे आणि परत, बोली अठराशेची. शरद देऊ लागला, तर बाई म्हणाल्या, खर्च माझ्यामुळे झाला, मी देणार. मी म्हटलं, फोन माझा, खर्च सामायिक खात्यातून. ड्रायव्हर म्हणाला, पेशंट नेला नाही, चौदाशे द्या. त्यावर बाईंनी त्याला खुर्चीजवळ बोलावून पाऊण मिनिट समजावलं की बोली म्हणजे बोली. जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या मानेने तिच्या मागे गेल्या, मग मला म्हणाल्या, "बॅग आत ने. आन दुपारच्याले वांग्याचं भरीत करा म्हणा, तिखट कमी नको."

सामायिक खात्यातून, रोख, परतवाड्याच्या जीपवाल्यास, रुपये अठराशे फक्त.